बाल्कनमधील प्राचीन स्थलनामे आणि जमातींची नावे : उगम शोधण्याची पद्धत

बल्गेरियातील प्लोवदिव या शहराचे एक जुने नाव सहाव्या शतकातील लॅटिन लेखक जॉर्डानेस याने 'पुलपुदेवा' असे नोंदवले आहे. त्याच देशात वेलिको तर्नोवो शहराला वळसे घालत वाहणाऱ्या नदीचे नाव आहे यांत्रा. मराठी वाचकाच्या कानाला ही दोन्ही नावे लगेच ओळखीची वाटतात. पहिल्यात त्याला 'देव' ऐकू येतो, दुसऱ्यात 'यंत्र', आणि तिथून बाल्कनमध्ये संस्कृतची पाळेमुळे सापडल्याचा निष्कर्ष काढायला फारसा वेळ लागत नाही. हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. ते का चुकीचे आहेत आणि बरोबर उत्तरापर्यंत कोणत्या वाटेने जायचे, हे या लेखात सांगायचे आहे. त्याच वाटेवर संस्कृतशी असलेले काही खरे नातेही भेटते आणि ते या कानांना भासणाऱ्या साम्यापेक्षा कितीतरी सुंदर आहे.

पहिली पायरी : सर्वांत जुने लिखित रूप गाठणे

नावाचे आजचे रूप हा शोधाचा शेवटचा दुवा असतो, आरंभ नव्हे. यांत्रा नदीला रोमन काळात 'इआत्रुस' म्हणत असत आणि तिच्या मुखाशी त्याच नावाचा किल्ला होता. त्याही आधी, इसवी सनपूर्व पाचव्या शतकात, ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने डॅन्यूबच्या उपनद्यांची यादी देताना हिला 'अथ्रिस' असे म्हटले आहे. या दोन्ही रूपांत 'न' कुठेही नाही. तो नंतरच्या उच्चारात शिरला. ज्या अनुनासिकामुळे आपल्याला 'यंत्र' आठवला, तोच मूळ नावात नसल्यामुळे तुलनेचा प्रश्न इथेच संपतो.

म्हणून एखाद्या नावावर काम सुरू करताना वहीत एक तक्ता आखावा. त्यात नावाचे प्रत्येक रूप जसेच्या तसे, ते कोणत्या शतकात लिहिले गेले, कोणत्या भाषेत लिहिले गेले आणि ते शिलालेखात आले की हस्तलिखित ग्रंथात, एवढ्या गोष्टी टिपाव्यात. बाल्कनसाठी हिरोडोटस, इसवी सनाच्या आरंभीचा स्ट्रॅबो, पहिल्या शतकातील प्लिनी, दुसऱ्या शतकातील टॉलेमी, रोमन रस्त्यांवरील मुक्कामांच्या याद्या आणि सहाव्या शतकातील प्रोकोपियस हे लिखित आधाराचे मुख्य टप्पे आहेत. सम्राट जस्टिनियनने बांधलेल्या वा दुरुस्त केलेल्या शेकडो गढ्यांची नावे प्रोकोपियसने दिली आहेत आणि त्यांपैकी अनेक नावे दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत. प्राचीन स्थळांचा 'प्लेयाडीस' हा विनामूल्य संगणकीय कोश ही रूपे एकत्र पाहण्यासाठी उपयोगी पडतो, पण तिथे दिलेले रूप कोणत्या ग्रंथातून आले हे प्रत्येक वेळी तपासून घ्यावे.

दुसरी पायरी : लिहिणाऱ्याचा हात ओळखणे

ही पायरी नवखे अभ्यासक बहुधा गाळतात आणि माझ्या मते सर्वाधिक चुका इथेच होतात. थ्रेसी (मुख्यतः आजच्या बल्गेरियाच्या भागातील), डेशियन (आजच्या रोमानियाच्या भागातील) आणि इलिरियन (बाल्कनच्या पश्चिम भागातील) या प्राचीन लोकांनी स्वतःच्या भाषेत जवळजवळ काहीच लिहून ठेवलेले नाही. थ्रेसी भाषेतील सर्वांत प्रसिद्ध लेख म्हणजे १९१२ मध्ये एझेरोवो गावाजवळ सापडलेली सोन्याची अंगठी. तिच्यावर ६१ ग्रीक अक्षरे आहेत, परंतु शब्दांमध्ये जागा सोडलेली नसल्यामुळे त्यांचा सर्वमान्य अर्थ आजपर्यंत लागलेला नाही. इलिरियन भाषेची स्थिती आणखी बिकट आहे. अल्बानियातील श्कोदर शहराच्या परिसरात सापडलेल्या एका अंगठीवरील लेख दीर्घकाळ इलिरियन समजला जात होता आणि त्यातून एका देवतेचे नावही वाचले गेले होते. पुढे बल्गेरियन अभ्यासक ल्युदमिला ओग्नेनोवा यांनी वाचनाचा क्रम बदलून दाखवला, तेव्हा तो 'प्रभू, अॅनाला साहाय्य कर' अशा अर्थाचा साधा बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या काळातील, ग्रीक लेख निघाला. एका भाषेचा म्हणून मिरवलेला एकमेव पुरावा अशा रीतीने दुसऱ्याच भाषेचा ठरला, ही गोष्ट या क्षेत्रात काम करणाऱ्याने कायम स्मरणात ठेवावी.

तात्पर्य, आपल्या हाती असलेली बहुतेक सर्व नावे ग्रीक आणि रोमन लेखकांनी आपापल्या कानांनी ऐकून आपापल्या लिपीत उतरवलेली आहेत. म्हणून तीन गोष्टी आधी वेगळ्या कराव्यात. पहिली म्हणजे विभक्तीचे प्रत्यय. रस्त्यांच्या याद्यांत 'नाइस्सो', 'सिंगिदुनो' अशी रूपे दिसतात, ती लॅटिन पंचमीची रूपे आहेत. नावे नाइस्सुस आणि सिंगिदुनुम ही होत. दुसरी गोष्ट अक्षरांच्या बदलत्या उच्चाराची. ग्रीक वर्णमालेतील 'बीटा' हे अक्षर अभिजात काळात 'ब' असे उच्चारले जाई आणि बायझंटाईन काळात 'व' असे. त्यामुळे टॉलेमी ज्या शेवटाला '-दाउआ' असे लिहितो, तोच शेवट प्रोकोपियसकडे बीटाने लिहिलेला आढळतो. अक्षरे पाहून हे दोन वेगळे प्रत्यय मानले, तर पुढचे सगळे गणित चुकते. तिसरी गोष्ट नकलकारांच्या चुकांची. प्राचीन रस्त्यांचा प्रसिद्ध पॉइटिंगर नकाशा आज व्हिएन्नामध्ये आहे, पण तो मध्ययुगात केलेली नक्कल आहे, आणि त्यावरील एखादे विचित्र रूप दुसऱ्या कोणत्याही आधारात नसेल, तर त्यावर व्युत्पत्तीचा मजला चढवू नये. याउलट मैलाचे दगड आणि रोमन सैनिकांना निवृत्तीच्या वेळी मिळणारे काशाचे दाखले हे त्याच काळात कोरलेले असल्यामुळे त्यांचे वजन अधिक धरावे.

तिसरी पायरी : जुन्या रूपापासून आजच्या रूपापर्यंतची साखळी जोडणे

सहाव्या आणि सातव्या शतकांत स्लाव लोक बाल्कनमध्ये मोठ्या संख्येने वसले. त्यांनी जी जुनी नावे उचलली, ती त्यांच्या भाषेतील ध्वनिनियमांच्या साच्यातून गेली. हे नियम मनमानी नसून काटेकोर आहेत, आणि तोच आपला सर्वांत भक्कम आधार आहे. आजच्या क्रोएशियाच्या किनाऱ्यालगतची नावे पाहा. सालोनाचे झाले सोलिन, स्कार्दोनाचे झाले स्क्रादिन, आल्बोनाचे झाले लाबिन, आणि नारोना या नगराचे नाव नोरिन नदीच्या नावात उरले. चारही ठिकाणी शेवटच्या '-ओना'चे '-इन' झाले आहे. शिवाय स्क्रादिन आणि लाबिन या नावांत व्यंजन आणि स्वर यांनी जागा बदलली आहे. 'आर'चे 'रा' आणि 'आल'चे 'ला' असा हा बदल आहे. आर्बा बेटाचे राब आणि आर्सिया नदीचे राशा झाले, तेही याच नियमाने.

हा नियम नावाचा काळ ठरवण्यासही मदत करतो. स्लाव भाषांतील 'राजा' या अर्थाचा 'क्राल' हा शब्द फ्रँक सम्राट शार्लमेनच्या 'कार्ल' या नावावरून आला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. शार्लमेन ८१४ मध्ये वारला. त्याचे नावही या अदलाबदलीतून गेले असेल, तर नवव्या शतकाच्या आरंभी हा बदल अजून चालू होता. अर्थात, स्क्रादिन आणि लाबिन ही नावे हा बदल थांबण्याआधीपासून स्लाव लोकांच्या तोंडी होती.

साखळी जोडताना एक सापळा वारंवार लागतो. नवे लोक जुने नाव नुसते उच्चारतात असे नाही, तर ते त्याला आपल्या भाषेत अर्थ लावू पाहतात. सोफिया शहराचे रोमन काळातील नाव सेर्दिका होते आणि ते सेर्दी या जमातीवरून पडले होते. स्लावांच्या तोंडी त्याचे 'स्रेदेत्स' झाले. 'एर'चे 'रे' होणे नियमाला धरूनच आहे, पण त्याच वेळी 'स्रेदा' म्हणजे 'मध्य' या स्लाव शब्दाशी त्याचा मेळ बसला आणि 'मधले नगर' असा अर्थ लोकांच्या मनात रुजला. पुढे चौदाव्या शतकात तिथल्या संत सोफिया चर्चवरून आजचे नाव रूढ झाले. ज्याला फक्त 'स्रेदेत्स' ठाऊक आहे, तो 'मध्य' हाच मूळ अर्थ मानून मोकळा होईल. अशा लोकव्युत्पत्ती प्राचीन लेखकांनीही दिल्या आहेत. आजच्या माँटेनेग्रोमधील ओल्किनियुम, म्हणजे उल्सिनि, या नगराचे आधीचे नाव कोल्किनियुम असून ते काळ्या समुद्राच्या पूर्वेकडील कोल्किस देशाच्या लोकांनी वसवले, असे प्लिनी सांगतो. त्याची साक्ष नोंदवावी, पण तो जुना आहे एवढ्याच कारणाने ती स्वीकारू नये.

चौथी पायरी : नावाचे तुकडे पाडणे

एकच शेवट अनेक नावांत आढळला, म्हणजे तो प्रत्यय किंवा सामासिक शब्दाचा दुसरा भाग असण्याची शक्यता असते. थ्रेसमध्ये असा एक शेवट आहे '-ब्रिया', आणि त्याचा अर्थ आपल्याला अंदाजाने लावावा लागत नाही. थ्रेसी भाषेत 'ब्रिया' म्हणजे नगर, असे स्ट्रॅबो स्पष्ट लिहितो. सेलीसचे नगर ते सेलिंब्रिया, म्हणजे तुर्कस्तानातील आजचे सिलिव्री. मेनासचे नगर ते मेनेब्रिया, पुढचे मेसेंब्रिया, आणि तेच काळ्या समुद्राच्या काठचे आजचे नेसेबर. दुसऱ्या परंपरेत या संस्थापकाचे नाव मेल्सास असे येते, आणि ग्रीक भाषेत 'मेसेंब्रिया' म्हणजे मध्यान्ह वा दक्षिण दिशा असल्यामुळे ग्रीक कानाने मूळ रूपाला तिकडे वळवले असणार. पहिला तुकडा संशयास्पद आणि दुसरा पक्का, अशी स्थिती अनेकदा असते, आणि ती तशीच नोंदवणे योग्य.

'-पारा' हा शेवट बेस्सापारासारख्या नावांत, म्हणजे बेस्सी जमातीच्या वस्तीच्या नावात, आढळतो. स्काप्तोपारा या खेड्यातील रहिवाशांनी २३८ मध्ये सम्राट तिसरा गॉर्डियन याच्याकडे केलेला अर्ज दगडावर कोरलेला सापडला आहे. तेथील उष्ण झऱ्यांमुळे सैनिक आणि अधिकारी येऊन फुकट मुक्काम ठोकतात, अशी त्यात तक्रार आहे. नावाचा अभ्यास करताना असा लेख हाती आला, की त्या गावातील माणसे क्षणभर समोर उभी राहतात.

'-दिझा' हा शेवट मात्र आपल्याला थेट संस्कृतकडे नेतो. माती मळून, लिंपून आकार देणे या अर्थाच्या एका आद्य इंडो-युरोपीय, म्हणजे संस्कृत, ग्रीक, फारसी इत्यादींच्या समान पूर्वजभाषेतील, धातूपासून संस्कृतात 'देह' आणि तट या अर्थाचा 'देही', ग्रीकमध्ये भिंत या अर्थाचा 'तेखोस' आणि फारसीत किल्ला या अर्थाचा 'दिझ' हे शब्द आले. थ्रेसी 'दिझा' म्हणजे तटबंदीची गढी, हा अर्थ या सगळ्या भाषांच्या नियमित ध्वनिसंबंधांवर उभा आहे.

डॅन्यूबच्या उत्तरेकडे, आजच्या रोमानियात, बुरिदावा, पेत्रोदावा, सुसिदावा अशी '-दावा' शेवटाची नावे दाटीने आढळतात. बल्गेरियन भाषाशास्त्रज्ञ व्लादिमिर गेओर्गिएव्ह यांनी '-दावा' आणि '-पारा', '-ब्रिया' यांची क्षेत्रे नकाशावर वेगळी दाखवून डेशियन आणि थ्रेसी या दोन स्वतंत्र भाषा असल्याचे मत मांडले. सर्वांना ते मान्य नाही. पण नावांच्या शेवटांचा नकाशा काढणे ही त्यांची पद्धत प्रत्येकाने वापरून पाहावी अशीच आहे. त्याच नकाशावर '-दुनुम' हा केल्टिक शेवटही उमटतो. बेलग्रेडचे प्राचीन नाव सिंगिदुनुम आणि डॅन्यूबच्या मुखाजवळचे नोव्हिओदुनुम ही नावे फ्रान्समधील लुग्दुनुम, म्हणजे लियाँ, या नावाची भावंडे आहेत, आणि इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात केल्ट लोक बाल्कनमध्ये किती खोलवर आले होते याची ती खूण आहेत.

पाचवी पायरी : अर्थ जमिनीवर पडताळणे

आता एक असे उदाहरण, ज्यात सगळे दुवे जुळतात. रोमानियात गेर्मिसारा नावाचे प्राचीन स्नानगृहांचे ठिकाण होते. बल्गेरियात सापारेवा बान्या या गावाचे प्राचीन नाव गेर्मानिया होते, आणि जर्मन लोकांशी त्याचा काही संबंध नाही. 'गेर्म-' या अंशाची तुलना ग्रीक 'थेर्मोस' आणि संस्कृत 'घर्म' यांच्याशी केली जाते; या सर्वांचा अर्थ उष्णता असाच आहे. 'घर्म' या शब्दापासून मराठीत 'घाम' आला, आणि फारसीतून आलेला आपला 'गरम' हाही त्याच मुळाचा. ध्वनी जुळले, अर्थ जुळला. आता जमीन काय म्हणते? गेर्मिसारा येथे आजही उष्ण पाण्याचे झरे आहेत, तर सापारेवा बान्या येथील कारंजातून १०३ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी उसळते. एकमेकांपासून दूर असलेल्या दोन ठिकाणी एकच अंश आणि दोन्हीकडे ऊन पाणी, अशी साक्ष मिळाली, की तुलना भक्कम होते.

नद्यांच्या नावांत हा पडताळा विशेष उपयोगी पडतो, कारण लोक बदलले तरी नद्यांची नावे टिकतात. स्त्रिमोन, म्हणजे आजची स्त्रुमा, हे नाव 'वाहणे' या अर्थाच्या धातूपासून आले. संस्कृतातील 'स्रवति', 'स्रोत' हे शब्द त्याच कुळातले, फक्त बाल्कनमध्ये 'स' आणि 'र' यांच्यामध्ये 'त' शिरला. डॅन्यूबच्या 'दानुवियुस' या नावाशी वैदिक 'दानु' आणि अवेस्तातील नदी या अर्थाचा 'दानु' यांची तुलना सर्वत्र केली जाते. हे नाते समान पूर्वजभाषेचे आहे. संस्कृत बोलणारे लोक डॅन्यूबकाठी गेले होते, असे त्यातून मुळीच सिद्ध होत नाही, आणि हा फरक सोडून लिहिलेले लेख पाहिले की मला मनापासून वाईट वाटते, कारण खरे नाते झाकून खोटे पुढे केले जाते.

सहावी पायरी : जमातींची नावे वेगळ्या कसोटीवर घासणे

जमातीच्या नावाबद्दल पहिला प्रश्न अर्थाचा नसून, हे नाव कोण कोणाला देत आहे, हा असतो. भारतीयांखालोखाल जगात थ्रेसी लोकच सर्वाधिक आहेत, असे हिरोडोटस लिहितो आणि लगेच जोडतो की प्रदेशागणिक त्यांची नावे वेगळी आहेत. 'थ्रेसी' हे ग्रीकांनी घातलेले छत्र होते. 'इलिरियन' हेही तसेच: प्लिनी 'खरे म्हणावेत असे इलिरियन' म्हणून एका लहानशा जमातीचा वेगळा उल्लेख करतो, आणि तिचे नाव ग्रीकांनी पुढे पलीकडच्या सगळ्या शेजाऱ्यांवर पसरवले. भागाचे नाव संपूर्णाला लागण्याची ही रीत आपल्या ओळखीची आहे. आयोनियन हा ग्रीकांचा एक गट, पण इराणमार्गे त्याचे 'यवन' होऊन ते भारतात सगळ्या ग्रीकांना लागले, आणि कार्ले व जुन्नर येथील लेण्यांच्या दानलेखांत आपल्याला यवन दाते भेटतात.

दुसरी कसोटी म्हणजे मूळ पुरुषाची कथा बाजूला ठेवणे. इलिरियनांचा मूळ पुरुष मानलेला इलिरियोस हा कोणाच्या मते ग्रीक पुराणकथांतील कॅडमस आणि हार्मोनिया यांचा मुलगा, तर अॅपियन या प्राचीन इतिहासकाराने दिलेल्या कथेत पॉलिफेमस या एकाक्ष राक्षसाचा मुलगा. नावावरून पुरुष घडवला गेला. पुरुषावरून नाव पडले नाही.

तिसरी कसोटी सारख्या दिसणाऱ्या नावांची. टॉलेमीने आल्बानोपोलिस आणि आल्बानोई यांचा उल्लेख आजच्या अल्बानियाच्या परिसरात केला आहे. प्राचीन काळी कॉकेशसमध्येही एक अल्बानिया होता आणि तो पूर्णपणे वेगळा आहे. शिवाय बायझंटाईन लेखकांना जुनी नावे नव्या लोकांना चिकटवण्याची हौस होती. ते सर्बांना त्रिबाल्ली म्हणत आणि बल्गेरियनांना मिसियन. ज्या त्रिबाल्लींशी अलेक्झांडर इसवी सनपूर्व ३३५ मध्ये लढला, त्यांचे हे वंशज आहेत असा पुरावा म्हणून अशी वाक्ये पुढे करणे ही फार महागात पडणारी चूक आहे.

अर्थाकडे वळायचे ते यानंतर. 'माकेदोन' या नावाचा संबंध होमरच्या काव्यात उंच झाडासाठी आलेल्या 'माकेदनोस' या विशेषणाशी जोडला जातो, आणि शब्दरचना सरळ असल्यामुळे तो पटण्यासारखा आहे. ब्रिगेस आणि फ्रिगियन ही एकाच लोकांची दोन नावे असल्याचे हिरोडोटस मॅसिडोनियन लोकांच्या हवाल्याने सांगतो, आणि मॅसिडोनियात ग्रीक 'फ'च्या जागी 'ब' येत असल्याचे 'फेरेनिके'ऐवजी तिथे आढळणाऱ्या 'बेरेनिके' या नावावरून दिसतेच. दार्दानी या जमातीचे नाव नासपती या अर्थाच्या अल्बानियन 'दार्धे'शी, दाल्माते हे नाव मेंढी या अर्थाच्या शब्दाशी आणि वर पाहिलेले उल्सिनि हे लांडगा या अर्थाच्या शब्दाशी जोडले जाते. पहिली तुलना योहान गेओर्ग फॉन हान यांनी एकोणिसाव्या शतकात मांडली. या तुलना आकर्षक आहेत, परंतु अल्बानियन भाषेतील सर्वांत जुने दिनांकित वाक्य १४६२ मधील आहे. मधल्या सुमारे दीड हजार वर्षांचा पूल केवळ ध्वनिनियमांच्या आधारे बांधावा लागतो, म्हणून अशा नोंदीपुढे 'संभाव्य' असे लिहावे, 'सिद्ध' असे नव्हे.

एक नोंद पूर्ण करून पाहू

आता पुलपुदेवाकडे परत यावे. मॅसिडोनियाच्या दुसऱ्या फिलिपने इसवी सनपूर्व ३४२ मध्ये ही वस्ती जिंकली आणि ग्रीक भाषेत ती फिलिप्पोपोलिस झाली. स्थानिक भाषेने 'फिलिप्पो'चे 'पुलपु' केले आणि 'पोलिस'च्या जागी आपला '-देवा' ठेवला, म्हणजे हे ग्रीक नावाचे थेट भाषांतर आहे. हा '-देवा' आपण वर पाहिलेल्या '-दावा'चाच सोबती असून, 'ठेवणे, वसवणे' या अर्थाच्या, संस्कृत 'धा' ज्याचा भाऊबंद आहे अशा, धातूपासून तो आला असे मानले जाते. देवाशी त्याचा संबंध नाही. स्लावांनी हे स्थानिक रूप उचलले आणि त्याचे प्लोवदिव झाले, तर तुर्कांनी ग्रीक रूप घेतले आणि त्याचे फिलिबे झाले. '-दावा' गटाचे हे नाव बाल्कन पर्वताच्या दक्षिणेस कसे, हा प्रश्न गेओर्गिएव्ह यांच्या नकाशाला अडचणीचा ठरतो, आणि तो नोंदीत लिहिलाच पाहिजे. तक्त्यातील शेवटच्या रकान्यात मग असे उतरेल: पहिला अंश, फिलिप, निश्चित, दुसरा अंश, वस्ती वा नगर, निश्चित, दुसऱ्या अंशाचा धातू, संभाव्य, भाषा डेशियन की थ्रेसी, वादग्रस्त.